साताऱ्यात जन्मला, पुण्यात लॅटिन शिकवलं आणि मीठ खात्यातला हा साहेब थेट सुरवंटांच्या मागं लागला

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बिबवेवाडीत आमच्या गॅलरीत कडीपत्त्याची कुंडी आहे. एक दिवस पानावर पक्ष्यानं घाण केल्यासारखं काहीतरी दिसलं. पुसायला गेलो तर ते हललं. अळी होती. मारायला जीव झाला नाही, म्हणून अलगद उचलून शेजारच्या तुळशीवर ठेवली. तुळस चांगली भरगच्च, कोवळ्या पानांची. म्हटलं, खा बाई पोटभर, माझा कडीपत्ता तेवढा सोड.

दोन दिवसांनी बघितलं तर अळी तुळशीच्या बुंध्याशी वाळून पडली होती. तुळशीच्या एकाही पानाचा घास घेतलेला नव्हता.

चहूबाजूंनी हिरवंगार असताना ती उपाशी मेली. आपल्याला भेंडी आवडत नसली तर आपण नाक मुरडतो, पण दोन दिवस काहीच मिळालं नाही तर गुमान खातो. ही अळी मेली, पण खाल्लं नाही.

याचं उत्तर शोधताना एका माणसाचं नाव सारखं समोर येत राहिलं. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. इंग्रजी वाचणाऱ्यांच्या मागच्या पिढ्यांना तो ई.एच.ए. या तीन अक्षरांनी माहीत होता. साहेब होता खरा, पण जन्म साताऱ्याचा, नोकरीची सुरुवात पुण्यात आणि बाकी आयुष्य खाऱ्या मिठागरांत आणि कारवारच्या जंगलात गेलेला.

तारीख १६ ऑगस्ट १८५१. साताऱ्यात फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी होते रेव्हरंड जेम्स एटकेन. त्यांच्या घरी एडवर्डचा जन्म झाला. त्या काळात बहुतेक गोरी पोरं पाच-सात वर्षांची झाली की बोटीत बसवून विलायतेला शिकायला धाडली जायची. एडवर्डचं शिक्षण मात्र इथंच झालं, वडिलांच्याच हाताखाली. पुढं मुंबई विद्यापीठाच्या बीए आणि एमएच्या परीक्षांत त्याचं नाव यादीत सगळ्यात वर होतं. लॅटिन आणि ग्रीक इतकं पक्कं, की तो डिक्शनरी न उघडता ग्रीक बायबल वाचायचा.

१८७० ला तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवायला लागला आणि १८७६ पर्यंत तिथंच राहिला. याच वर्षांत बाळ गंगाधर टिळक नावाचा विद्यार्थी त्याच कॉलेजात शिकत होता. दोघांची गाठ पडली का, याच्या गोष्टी रचायला मजा येईल, पण रचायच्या नाहीत. एवढंच डोळ्यासमोर आणा, की मुळा-मुठेपलीकडचं ते दगडी कॉलेज आहे, आणि आपली बिबवेवाडी तेव्हा शहराच्या दक्षिणेला शेतांमधलं एक गाव आहे.

एप्रिल १८७६ मध्ये एटकेननं मास्तरकी सोडली आणि मुंबई सरकारच्या जकात आणि मीठ खात्यात नोकरी धरली. लॅटिनच्या मास्तरानं मीठ खात्यात जाणं म्हणजे विचित्रच. पण पगार होता, फिरती होती. मिठावर सरकारचा कर होता आणि तो चुकवून मीठ बाहेर जाऊ नये म्हणून सरहद्दीवर आणि किनाऱ्यावर नाकी बसवलेली होती. त्या नाक्यांवर देखरेख करणं हे याचं काम. त्या करानं गरिबाच्या ताटातलं मीठ महाग केलं, हेही इथंच सांगून ठेवतो. माणूस आवडला म्हणून त्याचं खातं आवडायला पाहिजे असं नाही.

पहिलं मोठं ठाणं गुजरातमधलं खाराघोडा. कच्छच्या रणाच्या काठावर, नुसती धूळ आणि मीठ. करमणूक म्हणून क्लब नाही, नाटक नाही. मग हा बंगल्यात येणाऱ्या उंदरांकडं, पालींकडं, मुंग्यांकडं, कावळ्यांकडं बघत बसला आणि त्यांच्यावर लिहायला लागला. त्याचं पुस्तक झालं, द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर. सरहद्दीवर टोळ्यांशी लढणाऱ्या लष्करी साहेबांच्या पुस्तकांची ती थट्टा होती. याच्या टोळ्या म्हणजे डास, बेडूक आणि वटवाघळं. पुस्तक तुफान चाललं. पुढं घरातल्या नोकरांवर त्यानं बिहाइंड द बंगलो लिहिलं. तेही गाजलं, पण आज वाचताना आचारी आणि हमालांची केलेली चेष्टा घशाखाली उतरत नाही. किड्यांकडं बघताना त्याची जी नजर असायची, ती माणसांकडं बघताना प्रत्येक वेळी टिकली नाही.

१५ सप्टेंबर १८८३ ला मुंबईत आठ जण एकत्र आले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे आजची बीएनएचएस, सुरू झाली. त्या आठांत एटकेन होता. दोन मराठी डॉक्टरही होते. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. रखमाबाईंचे सावत्र वडील ते हेच. १८८६ ला सोसायटीचं जर्नल निघालं, तेव्हा स्टर्नडेल यांच्यासोबत त्याचं संपादन एटकेनकडं आलं. इथवर तो एक गमतीदार लेखक होता. त्याच्या आयुष्यातला खरा माल यापुढं आहे.

बदली झाली कारवारला. उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, उत्तरेला पोर्तुगीजांचा गोवा. पाऊस इतका, की खाराघोड्याहून आलेल्या माणसाला स्वप्नच वाटावं. तिथं त्याला दोन जोडीदार मिळाले. जेम्स डेव्हिडसन हा सनदी अधिकारी होता आणि टी. आर. बेल जंगल खात्यातला. तिघंही फुलपाखरांचे वेडे.

आता त्या काळी फुलपाखरांचं वेड म्हणजे काय? जाळी घ्यायची, पळायचं, पकडायचं, टाचणी मारायची आणि पेटीत लावायचं. विलायतेतल्या संग्रहालयांना असे हजारो नमुने जायचे. पंखांवरचे ठिपके मोजून तिथले पंडित नावं द्यायचे. एकाच फुलपाखराच्या नर-मादीला किंवा पावसाळी आणि उन्हाळी रूपाला वेगवेगळ्या जाती समजून वेगळी नावं दिल्याचेही प्रकार झाले.

कारवारच्या या तिघांनी उलटी वाट धरली. फुलपाखरामागं धावण्याऐवजी ते झाडापाशी थांबले. मादी कुठल्या पानावर अंडं घालते ते बघायचं. पान तोडून घरी आणायचं. अळी निघाली की तिला रोज तेच ताजं पान घालायचं, कोष होऊ द्यायचा, आणि फुलपाखरू बाहेर पडलं की मग ओळख पटवायची. बोलायला सोपं आहे. एका जातीसाठी कित्येक आठवडे जातात, पान चुकलं की अळी मरते. आमच्या गॅलरीत झालं तसंच. एखादी अळी पाळायची असेल तर आधी झाड ओळखता आलं पाहिजे. म्हणजे किड्यांचा नाद लागला की वनस्पतिशास्त्र आपोआप गळ्यात पडतं.

१८९० ला डेव्हिडसन आणि एटकेन यांनी मुंबई इलाख्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या आणि कोषांवर टिपणं छापली. मग १८९६ पासून तिघांच्या नावानं उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवरची लेखमाला जर्नलमध्ये आली. त्यात अळी कशी दिसते, कोष कुठं लटकतो आणि अळी कुठलं झाड खाते, हे सगळं होतं. या शेवटच्या गोष्टीला आपण खाद्य वनस्पती म्हणतो. आज आपल्याकडं बाग करताना लोक अमुक फुलपाखरू यावं म्हणून अमुक झाड लावतात ना, त्या माहितीच्या मुळाशी असली टिपणं आहेत.

त्या याद्या वाचल्या की एक गोष्ट डोक्यात शिरते. बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या वाट्टेल ते खात नाहीत. एक झाड, किंवा एकाच कुळातली चार झाडं, बास. बिबवेवाडीतून तळजईच्या टेकडीपर्यंत चालत गेलात तरी हे दिसेल. रुईवर प्लेन टायगर, म्हणजे बिबळ्या कडवा. एरंडावर कॉमन कॅस्टर. सोसायटीच्या भिंतीलगत लावलेल्या खोट्या अशोकावर टेल्ड जे. लिंबू, कडीपत्ता आणि बेल या तिन्हींवर लाइम बटरफ्लाय. आपल्याला लिंबू सरबतात लागतं, कडीपत्ता फोडणीत आणि बेल महादेवाला. पण तिन्ही झाडं एकाच कुळातली आहेत आणि हे त्या फुलपाखराला पाठ आहे. मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी टकटक करते आणि पायांनीच चव घेते. रसायन जुळलं तर अंडं, नाहीतर पुढचं झाड.

(आमच्या बिबवेवाडीच्या नावात बिब्बा ऐकू येतो, पण सोसायटीच्या आवारात बिब्याचं झाड एकही नाही. म्हणजे त्यावर जगणाऱ्या किड्यांनाही इथं घर नाही.)

एवढा हट्ट कशासाठी? कारण झाड काही आयतं जेवण वाढून ठेवत नाही. पळता येत नाही म्हणून ते विष बनवतं. रुईचा चीक घ्या. त्यातलं विष प्राण्यांच्या पेशीतला सोडियमचा पंपच बंद पाडतं, आणि तो बंद पडला तर हृदयसुद्धा थांबू शकतं. कडव्याच्याच नात्यातल्या अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखरात हा पंप बनवणाऱ्या जनुकातच बदल झालेला सापडला आहे. त्यामुळं विष तिथं नीट चिकटत नाही. म्हणजे झाडाशी जुळवून घेणं ही नुसती सवय नाही, ते डीएनएत लिहिलं गेलंय. पण एका विषाचं कुलूप उघडायची किल्ली घडवली, की दुसऱ्या झाडाच्या कुलपाला ती लागत नाही. माझी अळी तुळशीवर मेली ती अशी. तिच्या जिभेला तुळस हे अन्न म्हणून कळलंच नाही.

आता पुढचा प्रश्न. समजा एकाच जातीच्या काही किड्यांनी नवं झाड धरलं आणि बाकीचे जुन्यावरच राहिले. मग काही पिढ्यांनी काय होईल?

हा प्रश्न एटकेन शाळकरी वयाचा असताना, सातासमुद्रापार बेंजामिन वॉल्श नावाच्या माणसानं विचारला होता. वॉल्श केंब्रिजचा, डार्विनच्या ओळखीतला. अमेरिकेत जाऊन त्यानं शेती केली, लाकडाचा धंदा केला आणि मग किड्यांकडं वळला. १८६४ ला त्यानं लिहिलं, की वेगवेगळी झाडं खाणाऱ्या किड्यांच्या जाती तेवढ्याच कारणानं वेगळ्या होत जाऊ शकतात. मग १८६७ ला त्यानं एका फळमाशीकडं बोट दाखवलं. ती माशी मूळची हॉथॉर्न नावाच्या रानफळावरची. युरोपातून गेलेल्या लोकांनी अमेरिकेत सफरचंद नेलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ही माशी सफरचंदात शिरलेली आढळली.

या माशीची गंमत अशी, की तिची लग्नं फळावरच लागतात. सफरचंद आधी पिकतं, हॉथॉर्न तीन-चार आठवड्यांनी, आणि माशी उडते जेमतेम महिनाभर. सफरचंदवाले बोहल्यावर चढतात तेव्हा हॉथॉर्नवाले अजून मातीत कोषात असतात. एकाच बागेत राहून दोन घराण्यांच्या सोयरिकी तुटत जातात. डोंगर नाही, नदी नाही, मध्ये फक्त फळाचा हंगाम.

वॉल्श १८६९ ला रेल्वेच्या अपघातात गेला. त्याचं म्हणणं मोठमोठ्या शास्त्रज्ञांना विसाव्या शतकातही पटत नव्हतं. जाती वेगळ्या व्हायला मध्ये डोंगर-समुद्र लागतातच, असा पक्का समज होता. १९८८ ला दोन गटांनी या माश्यांची आनुवंशिक तपासणी केली तेव्हा दोन्ही फळांवरच्या माश्यांत फरक निघाला. अजून त्या पूर्ण वेगळ्या जाती झालेल्या नाहीत. दर पिढीला सुमारे ४ ते ६ टक्के देवाणघेवाण चालूच आहे. तरीही फरक टिकून आहे. त्यांच्या अळ्यांवर जगणाऱ्या गांधीलमाश्यासुद्धा यजमानामागोमाग वेगळ्या होत चालल्याचं २००९ ला दिसलं.

फुलपाखरांत हे इतकं सरळ नसतं, हेही सांगायला पाहिजे. नर-मादी झाडाशी बांधलेले नसतात, कुठंही भेटतात. त्यामुळं झाड बदललं म्हणून लगेच घर फुटलं असं होत नाही. आपलं लाइम बटरफ्लाय आशियात लिंबाच्या कुळावर जगतं आणि ऑस्ट्रेलियातली त्याची उपजात आपल्या बावचीच्या जवळच्या शेंगवर्गीय झुडपांवर. बावची कुठं आणि लिंबू कुठं! पण मध्ये समुद्रही आहे. दुरावा झाडामुळं किती आणि पाण्यामुळं किती, हे वेगळं काढणं अवघड. असल्या प्रश्नांना हात घालायचा तर आधी एक गोष्ट माहीत असावी लागते. कुठल्या प्रदेशात, कुठल्या काळी, कोण काय खात होतं. ती नोंद नसेल तर आजचं झाड जुनं की नवं, हे सांगणार कसं?

म्हणून कारवारची ती टिपणं मोलाची. एटकेनला जनुक हा शब्दसुद्धा माहीत नव्हता, तो शब्दच १९०९ ला तयार झाला. वॉल्शसारखा सिद्धांत त्यानं मांडला नाही. मी त्याला ओढूनताणून उत्क्रांतीचा पंडित करणार नाही. पण सिद्धांत तपासायला जो कच्चा माल लागतो तो त्यानं आणि त्याच्या जोडीदारांनी पानं गोळा करून जमवला. पुढं १९६४ ला, वॉल्शच्या लेखानंतर बरोबर शंभर वर्षांनी, एर्लिक आणि रेव्हन या दोघांनी फुलपाखरं आणि झाडं एकमेकांना कशी घडवतात यावर गाजलेला लेख लिहिला. त्यांचा आधार होता जगभरातून जमलेल्या असल्याच खाद्य वनस्पतींच्या नोंदी.

आणि नियम मोडणारेही त्याच्या नजरेतून सुटले नाहीत. १८९४ ला त्यानं एपफ्लाय या छोट्या फुलपाखराच्या अळी-कोषावर लिहिलं. याचा कोष हुबेहूब माकडाच्या तोंडासारखा दिसतो. याची अळी पान खातच नाही, झाडावरचे पिठ्या ढेकूण खाते. आपल्या जास्वंदीवर पांढरा कापूस पसरतो ना, तेच मिलीबग. फुलपाखराच्या पोटी मांसाहारी पोर. त्याच वर्षी आलेल्या अ नॅचरलिस्ट ऑन द प्राउल या पुस्तकात कारवारचं जंगल भरून राहिलंय.

पुढं रत्नागिरी, मुंबई अशा बदल्या झाल्या. १९०२ ला त्याला खास कामावर पुन्हा गोव्याच्या सरहद्दीवर पाठवलं. तिथल्या नाक्यांवर मीठ खात्याचे शिपाई मलेरियानं हैराण झाले होते. मलेरिया डासांतून पसरतो हे रॉस यांनी १८९७ ला दाखवून फार दिवस झाले नव्हते. ज्या माणसानं वीस वर्षांपूर्वी डासांवर विनोद केले, तोच आता शिपायांची वस्ती डासांपासून दूर कशी हलवायची याचा हिशोब करत डबकी धुंडाळत होता. त्यात एक नवीनच ॲनोफेलिस डास सापडला. त्याला नाव मिळालं ॲनोफेलिस एटकेनी.

१९०३ ला कराचीत बढती मिळाली, मग सिंधच्या गॅझेटियरचं काम आलं. ऑगस्ट १९०६ ला तो निवृत्त झाला आणि ११ एप्रिल १९०९ ला एडिंबरात वारला. वय ५७. जोडीदारांपैकी बेल मात्र कारवारलाच राहिला, फुलपाखरांवर वर्षानुवर्षं लिहीत राहिला आणि १९४८ ला तिथंच गेला.

यंदा पावसात कडीपत्त्यावर पुन्हा तसलीच घाण दिसली. यावेळी हात लावला नाही. चार-पाच दिवसांत तिचा रंग हिरवा झाला, डिवचलं की डोक्यामागून शिंगं काढून उग्र वास सोडायला लागली. कुंडीत नुसत्या काड्या उरल्यात. आईनं फोडणीसाठी मार्केट यार्डातून कडीपत्त्याची जुडी आणली, आणि त्यातल्या चार काड्या मी गुपचूप कुंडीत खोचल्या.